वाळवंटांतील मोटार

लिबियाच्या वाळवंटांत शेंकडों मैलपर्यंत विहीर आढळत नाहीं. तेथें मोटार बंद पडली, तर मनुष्याचें आयुष्य जवळच्या पाण्याइतकेंच. १९४० सालीं राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज अधिकाऱ्यांनीं कैरोस टेहळणीचें पथक उभारलें. त्याच्या दीड टनी शेव्हरोले मालमोटारी हें ध्यानीं धरूनच सिद्ध केल्या गेल्या. छप्पर, दारें, पुढील कांच, सारें उतरविलें. स्प्रिंगा मात्र भक्कम केल्या. परंतु खरी युक्ति पाण्याची. इंजिन तापलें कीं रेडिएटरांतील पाण्याची वाफ होऊन उडून जाते. बॅग्नोल्ड यांनीं ती वाट बंद केली आणि नळीनें वाफ बाजूच्या, पाणी घातलेल्या डब्यांत सोडली. तेथें ती निवून पुन्हां पाणी होई. डबाहि उकळूं लागला, तर हांकणाऱ्याच्या अंगावर कढत शिंतोडे येत. शाळेच्या घंटेहून स्पष्ट सूचना! मग गाडीचें तोंड वाऱ्याकडे करून मिनिटभर थांबावयाचें. इंजिन निवतांच डब्यांतील पाणी गुळगुळ करीत आपण होऊन रेडिएटरांत परते.

रुतलेल्या चाकांखालीं सारावयास भोंकें पाडलेल्या पोलादी पट्ट्या असत. श्रोत्यांना नवल वाटेल, त्यांचा पहिला नमुना बॅग्नोल्ड यांना कैरोच्या भंगारांत सांपडला होता. पहिल्या महायुद्धांत खंदकांतील निवाऱ्यांवर छप्पर घालण्यासाठीं तो बनविलेला होता.