बँटिंगसाहेबांचं पथ्य

१८६२ सालच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या विल्यम बँटिंग यांचं वजन भरलं २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. उंची पाच फूट पाच इंच, वय पासष्टीच्या घरातलं. राजघराण्यातल्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणारं त्यांचं कुटुंब. १८५२ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या अंत्ययात्रेचं कामही त्यांच्याकडेच होतं. पैसा होता, मान होता. पण वाकून बुटाची नाडी बांधणं जमत नव्हतं, आणि गुडघ्यांवर भार नको म्हणून पाठमोरं होऊन जिना उतरावा लागत होता.

त्यांनी उपाय करायचे बाकी ठेवले नव्हते. एका डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून पहाटे उठून दोन-दोन तास होडी वल्हवली. अंगात ताकद आली, पण भूकही अशी खवळली की वजन वाढलंच. तुर्की स्नानं झाली, चेल्टनहॅमचं औषधी पाणी पिऊन झालं. तेवढ्यात ऐकू कमी येऊ लागलं, आणि ते कानाचे डॉक्टर विल्यम हार्वे यांच्याकडे गेले.

हार्वे यांनी १८५६ मध्ये पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांचे विचार ऐकले होते. यकृत स्वतः साखर तयार करतं, हा बर्नार यांचा शोध. मधुमेहात साखर आणि पिष्टमय पदार्थ तोडून फायदा होतो, तर लठ्ठपणातही व्हावा, असं हार्वे यांना वाटलं. त्यांनी बँटिंग यांचा पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. सकाळी चार-पाच औंस मटण किंवा भाजलेले मासे, बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा आणि कोरड्या टोस्टचा जेमतेम एक औंसाचा तुकडा. दुपारी पुन्हा मासे, मांस, बटाटा सोडून कोणतीही भाजी आणि क्लॅरेट वाइनचे दोन-तीन पेले. उपासमार कुठेच नव्हती. वर्षभरात ४६ पौंड वजन उतरलं आणि कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी कमी झाला. १८६३ मध्ये बँटिंग यांनी स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापली आणि फुकट वाटली. आपल्याला जे सापडलं ते दुसऱ्या त्रासलेल्या माणसापर्यंत पोहोचावं, ही त्यांची तळमळ तिच्या पानापानांत दिसते.

हे पथ्य चालतं कसं? आपलं शरीर काही शे ग्रॅम पिष्ट ग्लायकोजनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात-पोळी तोडली की आधी हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो तो बराचसा यामुळेच. त्यात चरबी थोडीच असते. पुढची घट होते ती ताटातली प्रथिनं वाढल्याने पोट लवकर भरतं आणि एकूण खाणं कमी होतं म्हणून.

मग कमी चरबीच्या आहारापेक्षा हा आहार सरस आहे का? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी चरबी खाणाऱ्यांचं वजन सरासरी ५.३ किलोंनी उतरलं, कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं ६ किलोंनी. फरक नाममात्र. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळायला, भाज्या भरपूर खायला सांगितलं होतं. म्हणून जो आहार आपल्या घरात वर्षभर निभेल, तोच निवडलेला बरा.

आणि आपल्या घरात गोष्ट जरा अवघड आहे. पोळी सोडून भाकरी धरली की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. ज्वारीत चोथा आहे, ती उत्तम आहे. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातही सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच. चार भाकरी त्या चारच. उपवासाच्या दिवशी तर चित्र आणखी उलटं होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. त्यात बटाटा घालायचा, वर रताळ्याचा गोड कीस खायचा. वजन उतरावं म्हणून आठवड्याला दोन उपवास धरणाऱ्याच्या पदरात मग काय पडणार?

मांसाहार न करणाऱ्यालाही वाट आहे. तीन पोळ्या आणि वाटीभर उसळ या ताटात एक पोळी आणि दोन वाट्या मटकीची उसळ घ्यावी, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक. पिठलं, पनीर, चालत असतील तर अंडी. डाळी-कडधान्यांतही कर्बोदकं असतात, पण त्यांच्याबरोबर प्रथिनं आणि चोथा येतो. भात अजिबात सोडण्याची गरज नाही. मूद लहान करावी, दुसऱ्यांदा घेऊ नये.

मधुमेही श्रोत्यांनी मात्र हे मनाने सुरू करू नये. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी तेवढीच ठेवून भात-पोळी एकदम कमी केली, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्याने कर्बोदकं फार तोडली, तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. आहार बदलण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावं, मात्रा ठरवून घ्यावी, आणि पहिले काही आठवडे घरच्या ग्लुकोमीटरवर साखर तपासून वहीत लिहून ठेवावी.