वर्गणी हुन्नराची

(वडाळ्यातील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



१ जून १९३० हा रविवार होता. मला हा वार फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. मिठाच्या सत्याग्रहात त्या दिवशी आपल्या वडाळ्याच्या मिठागरांवर सुमारे १५ हजार माणसं चालून गेली. पोर्ट ट्रस्टच्या रेल्वे फाटकापाशी पोलिसांनी कडं केलं होतं. ते फोडून माणसं चिखल तुडवत आगरांत शिरली. त्यांत बायका होत्या, मुलंही होती. दीडशेच्या आसपास लोकांना मार लागला. त्याच्या आदल्या रविवारी, २५ मे रोजी, इथे लाठ्या चालल्या होत्या. धारासणाचा मिठाचा सत्याग्रह सगळ्यांना पाठ असतो. वडाळ्याच्या वाट्याला इतिहासात एखादी ओळ येते आणि वडाळ्यात राहणाऱ्यांना तीही ठाऊक नसते.

रविवार का, हे उघड आहे. पेढी, कचेरी, कारखाना बंद असण्याचा तो दिवस. ज्यांना सोमवारी पुन्हा कामावर जायचं होतं अशी माणसं त्या गर्दीत खूप असणार. म्हणजे या भागात नोकरदार माणसाने स्वतःचा सुटीचा दिवस मोठ्या कामाला देणं ही काही आजची गोष्ट नाही.

संयोजकांनी मला विषय दिला तो असा: नोकरी-व्यवसाय करणारी तरुण मंडळी आपला सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा राखण्याच्या कामात कशी येतील? माझं म्हणणं, ती आलेलीच आहेत. रविवारी पहाटेची गाडी पकडून गडावर जाणारी मुलं तुमच्या-माझ्या इमारतीत आहेत. शिवडीच्या धक्क्यावर दुर्बीण घेऊन उभी राहणारी आहेत. तिवरांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या काढणारी आहेत. त्यांच्याकडून आपण घेतो मात्र फक्त अंगमेहनत. फावडं देतो, टी-शर्ट देतो, फोटो काढतो आणि घरी पाठवतो. सोमवार ते शनिवार ती मुलं जे काम करतात, ज्यासाठी चार-पाच वर्षं शिकली, त्याबद्दल त्यांना कुणी विचारत नाही. आपल्याकडे गणपतीला वर्गणी मागतात तेव्हा ज्याच्याकडे जे आहे ते मागतात. मंडपवाला मंडपात सूट देतो, इलेक्ट्रिशियन रोषणाई लावून देतो, छापखानेवाला पावतीपुस्तक छापून देतो. वारशाच्या कामात मी तशी हुन्नराची वर्गणी मागायला आलो आहे.

ही कल्पना माझी नाही, या शहराची आहे. भाऊ दाजी लाड मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडले तेव्हा तिशीच्या आत होते. दवाखान्यात रोग्यांची रांग असायची. त्यातून वेळ काढून या माणसाने शिलालेख वाचले, अजिंठ्याचे लेख वाचले, नाणी आणि हस्तलिखितं जमवली. लक्षणांवरून आजार ओळखायची सवय त्यांना झिजलेल्या अक्षरापाशी उपयोगी पडली असेल, असं मला नेहमी वाटतं. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे, तिथेच १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. त्या आठांत दोन मराठी माणसं होती, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही डॉक्टर. सखाराम अर्जुनांनी मुंबईच्या औषधी वनस्पतींची यादी केली, ती रोजच्या वैद्यकीतूनच. पुढे या संस्थेला बसायला जागा दिली ती फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याने, आपल्या दुकानातली एक खोली. या देशातल्या पक्ष्यांचा आणि फुलपाखरांचा अभ्यास उभा राहिला तो दिवसभर दुसरा धंदा करणाऱ्या माणसांच्या खांद्यावर.

आपल्याच काळातला दाखला रत्नागिरीचा. सुधीर रिसबूड हे व्यवसायाने विद्युत अभियंता. त्यांनी आणि धनंजय मराठे आदी मित्रांनी कोकणच्या सड्यांवर कातळशिल्पं शोधायला सुरुवात केली. ते गावोगाव फिरले, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारलं, पाला-माती झाडून चित्रं मोकळी केली, मापं घेतली, नोंदी ठेवल्या. कशेळीचा हत्ती पाहिलात तर कळेल, उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. यात मला मोलाची वाटते ती नोंदवही. हौशी माणूस चित्र पाहून हरखतो आणि पुढच्या गावाला जातो. अभियंता तिथे थांबून माप लिहितो. जमीन विकली जाते, जांभा चिऱ्यांसाठी कापला जातो, तेव्हा सरकारदरबारी उभी राहतात ती लिहिलेली मापं.

आता आपल्या दाराशी या. १९३१ साली परळला रस्ता खणताना एक शिळा लागली. सहाव्या शतकाच्या सुमाराची, पुरुषभराहून कितीतरी उंच, एकाच दगडात एकातून एक उमललेल्या शिवाच्या सात मूर्ती. आज ती बारादेवीच्या देवळाशेजारी आहे. रोजच्या वाटेवरची असून आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहे? कुणीतरी त्या दिवशी कुदळ थांबवली म्हणून ती वाचली. तो पुरातत्त्वाचा जाणकार नसणार. मजूर असेल, मुकादम असेल, ओव्हरसियर असेल.

आज वडाळ्यापासून कासारवडवलीपर्यंत मेट्रो ४ चं काम चाललं आहे. नायगावला बीडीडी चाळी पाडून पायाचे खड्डे खणले जातात. अशा ठिकाणी चोवीस-पंचवीस वर्षांचे साइट इंजिनीअर हेल्मेट घालून उभे असतात, त्यांतले काही इथे बसलेही असतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. १८७८ चा निखात निधी कायदा वाचा. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची पुरलेली जुनी चीजवस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. वेळापत्रक चुकेल म्हणून पोकलेनचा घास तसाच डंपरमध्ये ओतू देऊ नका. कुदळ थांबवण्याचा अधिकार त्या क्षणी फक्त तुमच्या हातात असतो. मंत्रालयात बसलेल्या कुणाच्याही हातात तो नसतो.

गडांबद्दलही बोलायला हवं, कारण आपली बहुतेक मुलं तिकडे जातात. दुर्गवीर, सह्याद्री प्रतिष्ठान अशा संस्थांतली तरुण मंडळी टाकी उपसतात, बुजलेले दरवाजे मोकळे करतात. हे कष्ट मी पाहिले आहेत आणि त्यांच्यापुढे मी नम्र आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा ठरले. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत, एक जिंजी. आता तर वर्दळ आणखी वाढेल. पण प्रेमाने केलेली हानीही मी पाहिली आहे. चुन्याच्या जुन्या भिंतीत सिमेंट भरलेलं पाहिलं, वीरगळाला ऑइलपेंट फासलेला पाहिला. सिमेंट पाण्याला वाट देत नाही. ओल आत कोंडते, क्षार दगडात फुगतात, आणि चारशे वर्षं उभी राहिलेली भिंत थोड्या पावसाळ्यांत खपल्या टाकू लागते. हे सिव्हिल इंजिनीअरला कुणी शिकवावं लागत नाही. तो त्या मोहिमेत असतोही, पण तिथे तो घमेलं वाहत असतो आणि सिमेंट भरायचं की चुना हे दुसराच कुणी ठरवत असतो. संरक्षित स्मारकाला परवानगीशिवाय हात लावणं बेकायदा आहे, हे सांगणारा वकीलही त्याच रांगेत घमेलं वाहत असतो.

नैसर्गिक वारशाचं तसंच. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी उतरतात. ठाणे खाडीचं अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ती खाडी रामसर यादीतली पाणथळ जागा झाली, पण शिवडीचा आपला चिखल त्या अभयारण्याच्या हद्दीत नाही. अटल सेतू याच चिखलावरून पुढे जातो. पलीकडे मुलुंड, भांडुप, कांजूरची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन २०२४ मध्ये घरबांधणीसाठी देण्याचं ठरलं. मी इथे घोषणा द्यायला आलेलो नाही, ज्यांना घर नाही त्यांना घर हवंच. पण मिठागर म्हणजे पडीक जमीन, हे आपण कसं मान्य केलं? भरतीचं पाणी दार उघडून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं, आणि पावसाळ्यात तीच सखल जमीन पाणी धरून ठेवणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सखल जागा भरून टाकल्यावर ते पाणी कुठे जातं, हे त्या रात्री गळाभर पाण्यात उभं राहिलेल्यांना विचारा. सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांच्या बंधनांचा, नकाशा, भरतीरेषा, जमिनीची उंची ही तीन पानं एकमेकांवर ठेवून पाहणं तुमच्यातल्या जीआयएस शिकलेल्या मुलीला एका संध्याकाळचं काम आहे. ते पाहिल्यावर लिहिलेली एक पानी हरकत कोर्टात टिकते. नुसत्या कळकळीने लिहिलेलं दहा पानी पत्र फायलीत जातं.

हे खरंच घडतं का, असं विचाराल. २०१५ साली मुंबईचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला. लोकांनी तो पान-पान लावून वाचला. वास्तुरचनाकार, नगररचनेचे विद्यार्थी, सोसायट्यांचे सेक्रेटरी आपापल्या गल्लीचा नकाशा घेऊन बसले आणि हजारो हरकती गेल्या. चुका इतक्या निघाल्या की एप्रिल २०१५ मध्ये सरकारने तो आराखडा रद्द करून नव्याने करायला सांगितला. २०१९ साली आरे वसाहतीतली झाडं रातोरात तुटू लागली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, ती कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्रावरून. दोन हजारांहून अधिक झाडं तोवर गेली होती, हेही खरं. पत्र दोन दिवस आधी गेलं असतं तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

एक अवघड गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. २०१२ साली मुंबईच्या वारसा यादीत आठशेहून अधिक नवी नावं घालण्याचा प्रस्ताव आला, त्यात शिवाजी पार्कचा परिसर होता. तिथल्या रहिवाशांनीच विरोध केला. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. गळक्या छताखाली राहणाऱ्या माणसाला ‘वारसा’ हा शब्द म्हणजे परवानग्यांचा फेरा आणि अडलेला पुनर्विकास वाटतो. नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माझ्या मित्राला, ही चाळ राख, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? त्याला नवं घर मिळू दे, मी पेढे वाटीन. मात्र ती चाळ पडण्याआधी तिची मापं कागदावर उतरू देत. गॅलरीत कोण कुठे झोपायचं, नळावर नंबर कसा लागायचा, कुठल्या खोलीत व्यायामशाळा होती, कुठल्या जिन्याखाली नाटकाच्या तालमी होत, हे म्हाताऱ्यांच्या आवाजात साठू दे. नीरा आडारकर या वास्तुरचनाकार. मीना मेनन यांच्याबरोबर त्यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडची हकिकत पुस्तकात आणली, नंतर चाळींवरचा ग्रंथ संपादित केला. घर मोजता येणाऱ्या बाईने घरातली माणसंही ऐकली, म्हणून ते काम तसं झालं.

आमच्या शेजारची एक मुलगी चार्टर्ड अकाउंटंट आहे. तिच्या आजोबांच्या मंडळाच्या जुन्या कीर्दी माळ्यावर पडल्या होत्या. वाळवीने अर्ध्या खाल्लेल्या, मोडी मिसळलेल्या. ती दर शनिवारी दोन तास त्या घेऊन बसते. मेळ्यातल्या मुलींच्या कपड्यांचा खर्च, बॅटरीवाल्याचं भाडं, संपाच्या वर्षी कोरा राहिलेला वर्गणीचा रकाना. मी त्या वह्या चाळल्या होत्या आणि मला काही दिसलं नव्हतं. तिला तो कोरा रकाना दिसला, कारण रकाने वाचणं हेच तिचं काम.

माझंही एक सांगतो. मी ज्या कचेरीत आयुष्यभर आरेखक होतो, तिथे संगणक आले तेव्हा ट्रेसिंगच्या कापडावरचे जुने नकाशे रद्दीत काढले. त्यांत वडाळ्याच्या आगरांचा एक नकाशा होता. प्रत्येक आगराचं नाव, पाण्याची वाट, बांध, सगळं बारीक काळ्या शाईत. तरुणपणी मी त्याची एक नक्कल केली होती, म्हणून तो मला हाताला पाठ होता. रद्दीवाला गठ्ठे बांधत होता तेव्हा मी माझ्या टेबलावर बसलो होतो. उठलो नाही. साहेब काय म्हणतील, असं वाटलं. त्या नकाशावरची बरीच नावं आता क्वचितच कुणाला सांगता येतात. मला आठवतात ती मी लिहून काढली आहेत, अकरा आहेत.

म्हणून आज बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. त्यात चार रकाने आहेत: नाव, काम काय करता, महिन्यातले किती तास देता येतील, आणि वडाळा-नायगाव-शिवडीतली कोणती एक गोष्ट हातात घ्याल. देणगीचा रकाना नाही. काम काय करता, हे नीट लिहा, नुसतं ‘आयटी’ लिहू नका. मिठागरांच्या नकाशासाठी सर्व्हेचं काम येणारी दोन माणसं मला या महिन्यातच हवी आहेत, कारण ज्यांना आगरांची नावं ठाऊक आहेत अशा एक आजी कोरबा मिठागर भागात राहतात आणि त्या ९१ वर्षांच्या आहेत.