वहीत नसलेली बाळे

(सुगीच्या सणाच्या वेळी झालेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषण)



मागच्या मेळाव्यात एका काकांनी मला विचारले, "ताई, आम्ही पैसे देतो मुलांसाठी. मग तुमच्या हिशेबात वह्या, वजनकाटे आणि प्रशिक्षण एवढेच का दिसते?" प्रश्न रास्त होता. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि मी सुटले. आज उत्तर देते.

आपले काम सातपुड्यातल्या पाड्यांवर चालते. अनेक वर्षे आम्ही बालवाडी चालवली, खाऊ दिला, थंडीत स्वेटर वाटले. मूल बालवाडीत आले की वहीत त्याचे नाव चढायचे, म्हणजे तिसऱ्या वर्षी. एकदा एका आजीच्या ओसरीवर बसून नातवंडांची नावे लिहून घेत होते. चार नावे झाली. आजी म्हणाली, "अजून दोन होती. नाव ठेवायच्या आधीच गेली. ती लिहायची का?"

मी पेन धरून तशीच बसले. त्या दोघांसाठी आमच्या वहीत रकानाच नव्हता. आमचा अहवाल मात्र दरवर्षी छान असायचा! जी मुले तीन वर्षांपर्यंत जगली, तेवढीच आम्ही मोजत होतो.

त्यानंतर मी गडचिरोलीतल्या कामाविषयी नीट वाचले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगावचे जन्म आणि मृत्यू काटेकोर नोंदवले. मग 39 गावांत थोड्या शिकलेल्या स्थानिक बायकांना तयार केले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करत, ऊब आणि आईचे दूध याकडे पाहत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषधोपचारही करत. शेजारच्या 47 गावांत नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या. तिसऱ्या वर्षी, त्या गावांच्या मानाने, पहिल्या 28 दिवसांतल्या बाळांचा मृत्यूदर 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. आज आशाताई नव्या बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, ती 2011 पासूनची देशभरची योजना याच अनुभवावर उभी आहे.

एका पाळकसाहेबांना ही तुलना खटकली होती. लेकरांवर प्रयोग कसले, म्हणाले. मलाही आधी तसेच वाटायचे. पण तुलना नसती, तर मृत्यू कामामुळे घटले की नवा रस्ता झाला म्हणून, की त्या वर्षी पीक चांगले आले म्हणून, हे कसे कळणार? शंभरातले एक मेंढरू हरवले हे मेंढपाळाला कळले, कारण त्याने ती मोजली होती. दाविदाची शिरगणती आपल्या लक्षात राहते, ही मोजणी राहत नाही.

आम्ही इंजेक्शने देत नाही, तो आपला अधिकार नाही. आमच्या ताई आशाताईंच्या सोबतीने जातात. पहिल्या तासात दूध पाजले का, वजन अडीच किलोच्या खाली आहे का, अंग गार लागते का, हे पाहतात. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास भरले तर पुन्हा मोजतात. तरी तेवढेच भरले, तर गाडी बोलावून दवाखाना. काका, तुमचे पैसे त्या गाडीत आणि ते मोजायला शिकवण्यात गेले.

काही गोष्टी बंदही कराव्या लागल्या. दुधाच्या पावडरीचे डबे आम्ही आता नव्या बाळांसाठी घेत नाही. पहिले सहा महिने आईचेच दूध द्यायचे, याविषयी पुरावा भक्कम आहे. पाड्यावरच्या पाण्यात कालवलेली पावडर तर घातकच. आपल्यातल्या एका कुटुंबाचे मन यामुळे दुखावले. मी त्यांच्या घरी जाऊन बोलले. चहा मिळाला, पण डबे अजून त्यांच्या कपाटात आहेत.

सगळे जमले आहे असे नाही. दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिकडे जन्मलेल्या बाळाकडे कोण जाते, आम्हाला माहीत नाही. होळीला माणसे परततात तेव्हा आमच्या ताई घरोघर विचारतात, आणि कधी कधी आई नुसती मान हलवते. आता त्याचीही नोंद होते. त्या आजीची दोन्ही बाळे नव्या वहीत आहेत. नावाच्या जागी 'मुलगा' आणि 'मुलगी' असे लिहिले आहे.

आता महिला संघाच्या भगिनींना एक विनंती. तुमचे स्वेटर सुरेख असतात, पण दोन वर्षांच्या मुलाला बसतील असे. आम्हाला नुकत्याच जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळासाठी टोप्या हव्यात, कारण उघड्या डोक्यातून बाळाची ऊब फार जाते. टोपी लहान हवी. लोकर मऊ, गोंडा नको. मापाचा कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे.