पडलेल्या बोलपटातला विदूषक

नाटक कंपनीत एक बदली नट असतो. मुख्य नट आजारी पडला तरच त्याने तोंडाला रंग लावायचा. एरवी विंगेत बसून राहायचं. ‘लंडन टाऊन’ या १९४६ च्या इंग्रजी संगीत-विनोदी बोलपटाची गोष्ट अशाच एका विदूषकाची. आपणच मुख्य नट अशा समजुतीने तो परगावाहून लंडनला येतो. पाहतो तो काय, आपण बदली! मग त्याची चिमुरडी मुलगी युक्ती लढवून बापाला रंगभूमीवर धाडते.

ही मुलगी म्हणजे पेट्युला क्लार्क. तिला पुढे आणली रेडिओने, बरं का! १९४२ साली बी.बी.सी.मध्ये हवाई हल्ल्यामुळे कार्यक्रमाचा खोळंबा झाला, तेव्हा जमलेल्यांना धीर यावा म्हणून ही नऊ वर्षांची पोर गायली होती.

बाप झाला होता सिड फील्ड. गावोगावच्या थिएटरांतून वर्षानुवर्षे हसवीत हिंडल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९४३ साली लंडनने त्याला डोक्यावर घेतले. त्याच्या जिवावर रँक कंपनीने अमेरिकेची बाजारपेठ जिंकण्याचा बेत केला. दिग्दर्शक अमेरिकन, गीतकार-संगीतकार अमेरिकन, सारे रंगीत, खर्च सुमारे १० लक्ष पौंड! आणि त्याच साली जुलैत ब्रिटनमध्ये पावाचे रेशनिंग सुरू झाले होते; युद्धातही ते नव्हते. चित्रपट साफ पडला. मला वाटतं, फील्डचा विनोद समोरच्या प्रेक्षकांच्या हशावर फुलायचा. कॅमेरा काही हसत नाही.

१९५० साली, अवघ्या ४५ व्या वर्षी, फील्ड वारला. त्याने चित्रपट केले मोजकेच. त्यामुळे रंगभूमीवरचे त्याचे गाजलेले प्रवेश आज पाहायचे, तर ते या पडलेल्या बोलपटातच.

त्यातला गोल्फच्या शिकवणीचा प्रवेश शिक्षकांनी जरूर पाहावा. गुरुजी झाले आहेत जेरी डेझमंड. ते सांगतात, चेंडूच्या मागे उभा राहा. शिष्य चेंडूभोवती पाहतो: गोल वस्तूची मागची बाजू कोणती? पवित्रा घेण्याला गोल्फमध्ये जो शब्द आहे, त्याचाच दुसरा अर्थ संबोधणे. गुरुजींनी तो उच्चारताच हा पठ्ठ्या चेंडूला पत्राचा मायना घालू लागतो. गुरुजींचा पारा चढतो, अन् शिष्याच्या चेहऱ्यावर मात्र शिकण्याची खरीखुरी, केविलवाणी धडपड.