अंक निघेल तेव्हा निघेल

(मळमड्डी, धारवाड इथं मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या तरुण मुलामुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय तो असा : 'स्वतःचं मासिक स्वतः काढणारा अराजकवादी लेखक'. यातले दोन शब्द आधी नीट बघून घेऊ.

पहिला शब्द अराजक. आपल्याकडं हा शब्द ऐकला की दगडफेक, जाळपोळ, बंद दुकानं डोळ्यांपुढं येतात. अराजकवादाचा अर्थ तेवढा नाही. वर कुणी राजा नाही, तरी माणसं आपसांत ठरवून काम करतात, हा त्याचा गाभा. रशियातले क्रोपोत्किन यासाठी टपालाचा दाखला देत. एका देशात टाकलेलं पत्र दुसऱ्या देशात पोचतं. सगळ्या जगावर एक सरकार आहे म्हणून नव्हे, तर टपालखात्यांनी एकमेकांशी तसा करार केलाय म्हणून. आपल्याकडं विनोबा शासनमुक्त समाजाची भाषा बोलत. त्याच विनोबांनी १९२३ साली वर्ध्याहून 'महाराष्ट्र धर्म' नावाचं छोटं मासिक सुरू केलं होतं. न्यूयॉर्कमध्ये एमा गोल्डमन यांनी १९०६ पासून 'मदर अर्थ' काढलं. पहिल्या महायुद्धात ते बंद पाडलं गेलं आणि १९१९ साली बाईंना अमेरिकेतून हद्दपार केलं. म्हणजे बघा, वरून हुकूम नको म्हणणारा माणूस जगात कुठंही असो, त्याच्या हातात बहुतेक एक छोटं मासिक असतंच.

दुसरा शब्द मासिक. मराठीत ज्यांनी हे काम सगळ्यात जोरात केलं, त्यांनी मासिक काढलंच नाही. त्यांनी अनियतकालिक काढलं. मासिक महिन्याला निघतं, साप्ताहिक आठवड्याला. अनियतकालिक निघेल तेव्हा निघतं. मजकूर जमला, खिशात पैसे जमले, की अंक. नाही जमलं तर नाही. जाहिरातदार नाही, वर्गणीचं ओझं नाही, म्हणून तारखेचाही धाक नाही.

१९५४ च्या सुमाराला मुंबईत रमेश समर्थ, अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे यांनी 'शब्द' सुरू केलं. चित्रे तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे, इथं बसलेल्या बऱ्याच जणांपेक्षा लहान. त्यांचा जन्म बडोद्याचा. म्हणजे महाराष्ट्राबाहेर जन्मलेला मराठी पोरगा. 'शब्द' निघायचं ते सायक्लोस्टाइल करून. मेणकागदासारख्या स्टेन्सिलवर अक्षरं कोरायची, ती यंत्राच्या रुळावर चढवायची, शाई लावून एकेक कागद काढायचा. हात काळे होतात, पण प्रेसवाल्याची उधारी राहत नाही.

मग अशोक शहाणे. १९६३ साली 'मनोहर'मध्ये त्यांचा लेख आला, आजकालच्या मराठी साहित्यावर 'क्ष' किरण टाकणारा. मोठमोठ्या नावांना त्यांनी हातचं न राखता तपासलं. त्याच सुमाराला त्यांनी 'असो' काढलं. पुढं त्यांचंच प्रास प्रकाशन. १९७७ साली कोलटकरांच्या इंग्रजी 'जेजुरी'ला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. जगभर नाव झालं. मराठी कवितांचं पुस्तक त्याच वर्षी निघालं, ते कुठल्या बड्या प्रकाशकाकडून नाही, प्रासकडून. २००४ साली कोलटकर गेले आणि पुढच्या वर्षी 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी मिळालं. तेही पुस्तक प्रासचंच. शहाण्यांवर अराजकवादी असा शिक्का मला मारायचा नाही. पण कामाची रीत तीच : वर कुणी नाही, आणि दोन माणसांचा एकमेकांवर विश्वास.

तिसरं नाव राजा ढाले. गाव नांद्रे, सांगली जिल्हा. आपल्यापासून लांब नाही. 'येरू', 'चक्रवर्ती', 'विद्रोह' ही त्यांच्या अनियतकालिकांची नावं. 'सत्यकथा' हे तेव्हा मराठी साहित्याचं मोठं दार. त्या दाराविरुद्ध ढाल्यांनी लिहिलं, आणि १९६९ साली या मंडळींनी 'सत्यकथे'चा अंक जाळलाही. तीन वर्षांनी, १९७२ साली, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि ढाले दलित पँथरमध्ये एकत्र दिसतात. पँथर फक्त छोट्या अंकांतून जन्मली असं मी म्हणत नाही. तिचं खरं कारण गावोगावचे अत्याचार. पण ते अत्याचार कुठल्या भाषेत मांडायचे, कुणाची भीड न ठेवता कसं लिहायचं, याचा सराव या पोरांनी स्वतःच्या कागदावर आधी केला होता.

आता धारवाडात येऊ. याच गावात जी. ए. कुलकर्णी राहिले, कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आणि इथून मराठी कथा लिहिल्या. त्या छापून आल्या मुंबईच्या 'सत्यकथे'त. ढाल्यांनी जाळली तीच 'सत्यकथा'. मग खरं कोण? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. जीएंना तिथं कदर असलेले संपादक भेटले, आणि आपण त्या कथांमुळं श्रीमंत झालो. पण १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडली. आज धारवाडातल्या पोरानं पाकीट कुठं पाठवायचं? लांबच्या एकाच दारावर आपली भाषा अवलंबून ठेवली, तर ते दार बंद झाल्यावर काय?

आणि दार उघडं असलं तरी आत काय होतं, तेही सांगतो. काही वर्षांमागं मी एका अंकाला कथा पाठवली. नाव सांगत नाही. कथेतली म्हातारी म्हणते, "मी बाजारला जायलोय." आमच्या घरात बायकाही असंच बोलतात. छापून आलं, "मी बाजारात जात आहे." 'अव्वा'ची 'आई' झाली. 'हुडगी'ची 'मुलगी' झाली. मला न विचारता. संपादकाचा हेतू वाईट नसेलही, त्याला ती चूक वाटली. पण आपलं बोलणं चूक की बरोबर हे कुणी ठरवायचं? कन्नड शेजारात राहून आपल्या मराठीला जो रंग चढलाय, तो आपणच छापला नाही तर कुणीच छापणार नाही.

फुकट मात्र काही नाही. र. धों. करव्यांचं 'समाजस्वास्थ्य' बघा. १९२७ ते १९५३, त्यांच्या मरणापर्यंत. संततिनियमन, स्त्रीपुरुष संबंध, यावर त्या काळात उघड लिहायचं म्हणजे काय! अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण अंक थांबला नाही. करव्यांनी टोपण नावामागं लपून हात झटकले नाहीत. अंक माझा, दंडही माझा. वर कुणी मालक नाही याचा अर्थ जबाबदारी नाही असा होत नाही. उलट सगळी आपल्यावरच येते. आज मोबाइलवर बिननावाचं खातं काढून कुणालाही शिव्या घालता येतात. त्याला मी स्वतंत्र लेखन म्हणणार नाही.

या चळवळीच्या उणिवाही झाकायच्या नाहीत. बरीच अनियतकालिकं थोड्याच अंकांत संपली. मला त्याचं फार दुःख नाही, कारण काम झालं की थांबण्याची मोकळीक त्या नावातच आहे. पण त्या अंकांच्या संपादकांत बायका जवळजवळ नव्हत्याच, हे दुःख मोठं आहे. मोठ्या दाराविरुद्ध भांडणाऱ्यांनीही आपलं छोटं दार अर्धंच उघडलं. मुलींनो, म्हणून सांगतो, इथं काही निघालं तर चहा आणि रांगोळीच्या यादीत तुमचं नाव नको. संपादक म्हणून हवं.

कुणी म्हणेल, हे मुंबईत ठीक, धारवाडात कोण वाचणार? तर आपल्या सुभाष रोडवर बघा. १९३३ साली जी. बी. जोशींनी मनोहर ग्रंथमाला सुरू केली, कन्नडमध्ये, वाचकांच्या वर्गणीवर. गिरीश कर्नाडांचं पहिलं नाटक 'ययाति' तिनंच १९६१ साली छापलं. घरी मराठी बोलणारे बेंद्रे याच गावात कन्नडचे मोठे कवी झाले. म्हणजे छोट्या जागेतून मोठं काम करायची रीत या गावाला ठाऊक आहे. शेजाऱ्याकडून ती शिकायला लाज कसली?

आता हिशेब. ए-फोर मापाचे चार कागद घ्या, मधोमध दुमडा, एकात एक घाला. सोळा पानांचा अंक झाला. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका अंगाला सोळावं आणि पहिलं पान, दुसऱ्या अंगाला दुसरं आणि पंधरावं. पन्नास प्रतींना दोनशे कागद, दोन्ही बाजू धरून चारशे छपाया. झेरॉक्सला एक रुपया धरला तर चारशे रुपये. आठ जणांत वाटले तर माणशी पन्नास. दुमडणीवर दोन पिना मारल्या की झालं. शेवटच्या पानावर कुणी काढलं, कुठं छापलं, ते नावानिशी लिहा. दहा प्रती बेळगावला, दहा हुबळीला, दहा निपाणीला जाणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीत टाका. एकेक प्रत तुम्हाला न आवडणाऱ्या मास्तरलाही द्या.

आणि आत काय? आजीची बोली, तिनं सांगितलेली गोष्ट. दुकानाच्या पाटीवरची भाषा. कन्नड शाळेत शिकताना घरची मराठी कशी टिकली, किंवा का नाही टिकली. एखादी कन्नड कविता, आपल्या मराठीत आणलेली. कुणाच्या भाषेला शिव्या नकोत, त्यात आपली भाषा एक ओळही पुढं जात नाही.

अनुदान मिळाल्यावर काढू, संमेलन झाल्यावर काढू, पुण्याहून कुणी आल्यावर काढू, हे मी वीस वर्षं ऐकतोय. अनियतकालिकवाले यातल्या कशासाठीही थांबले नाहीत. आज इथून उठायच्या आधी आठ जणांनी नावं द्या. तारीख ठरवू नका. मजकूर ठरवा.