फलंदाजाचा सराव आणि न दिसणारा गोलंदाज

(ग्रामीण क्रीडाविकास या विषयावर शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी योजिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचे पश्चिम अंग सह्याद्रीच्या कड्यांना टेकलेले आहे, तर पूर्व अंग कुकडी व घोड नद्यांच्या पाण्यावर पोसलेले आहे. एकीकडे भातखाचरे, दुसरीकडे ऊस, कांदा आणि टोमॅटो. परंतु सुगी आटोपली की दोन्हीकडचे चित्र एकच दिसते. मोकळ्या रानात तीन काठ्या रोवल्या जातात आणि टेनिसच्या चेंडूवर क्रिकेट रंगते. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या परिसरातील मुलांच्या अंगी चापल्य नाही, असे कोणी म्हणणार नाही. तरीही निवड चाचणीसाठी पुण्याला गेलेला मुलगा पुष्कळदा पहिल्या काही चेंडूंतच गोंधळून जातो. याचे कारण बळात नाही, अनुभवात आहे.

टेनिसच्या चेंडूचे वजन सुमारे 58 ग्रॅम, तर पुरुषांच्या सामन्यातील कातडी चेंडूचे वजन 156 ते 163 ग्रॅम असते. त्याचा टप्पा, वेग आणि हवेतील वळण सर्वस्वी निराळे. ताशी 140 किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात पोहोचतो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला हातापायांनी उत्तर देण्यातच सुमारे एक पंचमांश सेकंद खर्ची पडतो. म्हणजे चेंडू पूर्ण पाहून मग फटका ठरविणे शक्यच नसते. इंग्लंडमधील दोन शास्त्रज्ञांनी फलंदाजांच्या नजरेचा अभ्यास करून 2000 साली असे दाखविले की, फलंदाज चेंडूचा सतत पाठलाग करीत नाही. चेंडू सुटताना तो क्षणभर पाहतो आणि लगेच त्याची नजर टप्पा पडावयाच्या जागी आधीच जाऊन थांबते. कसलेल्या फलंदाजाची नजर ही उडी अधिक लवकर घेते. चांगली फलंदाजी म्हणजे अचूक अंदाज होय, आणि अंदाज हा पूर्वी पाहिलेल्या चेंडूंच्या साठ्यातूनच येतो.

ज्या गोलंदाजाला खेळावयाचे आहे, तो सरावाला मिळत नसेल तर त्याचे प्रतिरूप उभे करावे, ही कल्पना येथूनच निघाली. 1998 च्या मार्चमध्ये चेन्नई येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी सामना होता. शेन वॉर्न लेग यष्टीबाहेरच्या खरबरीत जागेत चेंडू टाकणार, हे ओळखून सचिन तेंडुलकर यांनी माजी फिरकी गोलंदाज लक्ष्मण शिवरामकृष्णन यांच्याकडून तशाच उकरलेल्या जागेत चेंडू टाकवून घेतले. पहिल्या डावात वॉर्न यांनीच तेंडुलकरांना 4 धावांवर बाद केले. दुसऱ्या डावात मात्र त्यांनी नाबाद 155 धावा केल्या आणि भारताने तो सामना 179 धावांनी जिंकला. येथे कोणतेही यंत्र नव्हते. एका माणसाने दुसऱ्याची गोलंदाजी उभी केली, एवढेच.

यंत्रांनी हेच काम पुढे नेले. सर्वसाधारण बॉलिंग मशीनमध्ये दोन फिरती चाके असतात. त्यांच्यामधून चेंडू दाबून फेकला जातो. दोन्ही चाकांचा वेग समान ठेवला तर चेंडू सरळ जातो. वेगांत फरक केला किंवा यंत्र कलते केले की त्याला फिरकी वा वळण मिळते. 2005 च्या अ‍ॅशेस मालिकेपूर्वी इंग्लंडच्या संघाने वॉर्न यांच्या फिरकीच्या सरावासाठी ‘मर्लिन’ नावाचे यंत्र वापरले. पुढील पिढीच्या सिम्युलेटरमध्ये पडद्यावर गोलंदाज धावत येताना दिसतो आणि त्याचा हात ज्या क्षणी सुटतो, त्याच क्षणी पडद्यातील छिद्रातून खरा चेंडू येतो. डोळ्यांवर आभासी दृश्याचा चष्मा चढवून चेंडूविनाच केलेला सराव ही त्याच्याही पुढची पायरी होय.

या साधनांचे मोल मोठे असले, तरी त्यांची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. साध्या यंत्राला धाव नाही, खांदा नाही, मनगट नाही. फलंदाज ज्या खुणांवरून अंदाज बांधतो, त्या खुणाच तेथे नसतात. यंत्रासमोर आणि खऱ्या गोलंदाजासमोर खेळताना उमेदीच्या खेळाडूंच्या हालचालींची वेळ बदलते, असे संशोधनातही आढळले आहे. ‘मर्लिन’ हाताशी असूनही 2005 च्या त्या मालिकेत वॉर्न यांनी 40 बळी घेतले. इंग्लंडने मालिका 2-1 अशी जिंकली, हे खरे; परंतु यंत्रामुळे वॉर्न निष्प्रभ झाले, असे मात्र म्हणता येणार नाही.

मग खर्चिक सिम्युलेटर न घेता गावाने काय करावे? पहिला उपाय अंतराचा आहे. ताशी 90 किलोमीटर वेगाचा गोलंदाज 18 ऐवजी 13 मीटरवरून टेनिसचा चेंडू टाकू लागला, तर फलंदाजाला मिळणारा अवधी ताशी 125 किलोमीटरच्या चेंडूइतकाच उरतो. दुसरा उपाय चेंडूचा आहे. ओला टेनिस चेंडू सिमेंटच्या पट्टीवर घसरून वेगाने येतो. एका बाजूला चिकटपट्टी लावलेला चेंडू हवेत वळतो. तिसरा उपाय शाळेच्या वर्गातच करता येतो. गोलंदाजाचे चित्रण मोबाइलवर घ्यावे, चेंडू हातातून सुटताच ते थांबवावे आणि चेंडू कोठे पडेल, कोणीकडे वळेल, हे मुलांना विचारावे. नंतर पुढील भाग दाखवून उत्तर तपासावे. पावसाळ्यात रान चिखलाने भरलेले असताना आदिवासी भागातील आश्रमशाळेतही हा सराव चालू शकतो. त्याला मैदान लागत नाही आणि चेंडूही लागत नाही.

कातडी चेंडूचा सराव मात्र शिरस्त्राण, पॅड, हातमोजे आणि जाळी यांवाचून करू देऊ नये. पंचायतीने एक सिमेंटची पट्टी, तीवर अंथरावयाची मॅट आणि भोवती जाळी एवढे केले, तरी पाया घातला जाईल. चार-पाच शाळांनी मिळून एक यंत्र घेतले आणि पाळीपाळीने वापरले, तर भार हलका होईल. वीज केव्हा असते, दुरुस्ती कोण करणार आणि यंत्रात चेंडू घालताना देखरेख कोणाची, हे खरेदीपूर्वीच ठरवावे. खोडद परिसरातील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या रोज पाहणाऱ्या या भागाला तंत्रज्ञान परके नाही. मात्र साधन आणल्यावर ते निगुतीने चालविणे, हीच खरी कसोटी असते.

या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती पुणे जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील तरुण मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होते. जे. जी. ग्रेग हे नामांकित इंग्रज फलंदाज सरावासाठी त्यांच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेत. बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे मिळत, असे सांगतात. ग्रेग यांची फलंदाजी त्यातून घडली. बाळूंची गोलंदाजीही घडली. परंतु त्या जाळीत बाळूंना फलंदाजी मिळाली नाही. ते दुसऱ्याच्या सरावाचे जणू यंत्रच होते. पुढे 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तेव्हा त्यांचे खरे सामर्थ्य जगाला कळले.

गावच्या रानात आजही धाकटी मुले दिवसभर चेंडू टाकतात आणि थोरले फलंदाजी करतात. मुलींच्या वाट्याला तर बहुधा कडेला उभे राहणेच येते. यंत्राचा पहिला लाभ कोणाला व्हावा, याचे उत्तर येथे आहे. ज्याचा हात सदैव दुसऱ्यासाठी राबतो, त्याच्या हाती काही काळ बॅट देता यावी, यासाठी यंत्र असावे. शाळेने फलंदाजीच्या पाळ्यांची वही ठेवावी आणि तीत प्रत्येक मुलामुलीचे नाव यावे.

रणजी करंडक 1939-40 व 1940-41 अशी सलग दोन वर्षे महाराष्ट्राला मिळवून देणारे कर्णधार दि. ब. देवधर हे संस्कृतचे प्राध्यापक होते. शिक्षकाच्या हातून खेळाडू घडतो, याला महाराष्ट्रात आधार शोधावा लागत नाही. पडद्यावरील गोलंदाज चेंडू दाखवील आणि यंत्र तो शंभर वेळा टाकील. तथापि मुलाचे पाऊल कोठे चुकले, तो कशाला भ्याला आणि आज कोणाची पाळी राहून गेली, हे पाहणारी नजर माणसाचीच असली पाहिजे.