वजन उतरले, आता बुद्धी सांभाळावी

(वाशी, जि. धाराशिव येथील आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



वाशी म्हटले की महाराष्ट्राला प्रथम आठवते ती नवी मुंबईतील वाशी. तेथे मोठाली रुग्णालये आहेत, वजन कमी करणाऱ्या शस्त्रक्रियेचे फलक आहेत. बालाघाटाच्या पठारावरील ही वाशी निराळी. येथील माणसाला अशा शस्त्रक्रियेसाठी सोलापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. काही दिवसांत सारे उरकते, टाके सुकतात आणि रुग्ण गावी परततो. पुढचे सारे आयुष्य मात्र त्याला येथेच काढायचे असते. आजच्या विषयाचे मर्म यातच आहे. शस्त्रक्रिया शहरात होते. पण त्या रुग्णाच्या बुद्धीचे आणि स्मरणाचे रक्षण गावातल्या घराला आणि गावातल्या डॉक्टरांना करावे लागते.

अतिस्थूलता हा काही आजचाच प्रश्न नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'अष्टौनिन्दितीय' या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही विचार केलेला आहे. नवा आहे तो उपाय. २०११ साली नितीन गडकरी यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि 'बॅरिअ‍ॅट्रिक' हा शब्द मराठी घरांत पोहोचला. या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. पहिल्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून उरलेल्या भागाची अरुंद नळी केली जाते. दुसऱ्यात जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्नाला वळणरस्ता करून देतात. दोन्हींत भूक मंदावते, अन्न कमी जाते, वजन उतरते आणि बहुतेक रुग्णांचा मधुमेह आटोक्यात येतो.

पण पोटाच्या शस्त्रक्रियेचा मेंदूशी काय संबंध? संबंध अत्यंत निकटचा आहे. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के. परंतु विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. अतिस्थूल शरीरात सतत सौम्य दाह चालू असतो, रक्तदाब व साखर वाढलेली असते, झोपेत श्वास अडकून मेंदूला प्राणवायू अपुरा पडतो. याचा परिणाम एकाग्रतेवर व स्मरणावर होतो. वजन उतरले की हा भार हलका होतो. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर बारा आठवड्यांतच रुग्णांची स्मरणशक्ती सुधारलेली आढळली. नेदरलँड्समधील 'बॅरिको' हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १३३ रुग्ण होते. दोन वर्षांनंतर त्यांपैकी सुमारे ४३ टक्के जणांचे बौद्धिक चाचण्यांतील एकूण गुण २० टक्के वा अधिक वाढलेले दिसले. तीच ती चाचणी पुन्हा दिल्याने सरावानेही काही गुण वाढतात, हे लक्षात घेतले पाहिजे. तरीही एकंदर कल आशादायक आहे. शस्त्रक्रियेने बुद्धी मंद होते, हा समज खरा नाही.

मग काळजी कशाची? काळजी आहे ती कुपोषणाची. शस्त्रक्रियेनंतर शरीरात जणू दोन घड्याळे चालू होतात. एक आठवड्यांचे, दुसरे वर्षांचे.

पहिले घड्याळ ब-१ जीवनसत्त्वाचे, म्हणजेच थायमिनचे. साखरेपासून ऊर्जा मिळवण्यासाठी मेंदूला ते लागतेच, आणि शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत एखाद्याला वारंवार उलट्या होऊ लागल्या, अन्न टिकेनासे झाले, तर हा साठा रिता होतो. रुग्ण गोंधळतो, चालताना झोकांड्या खातो, एकाच्या जागी दोन वस्तू पाहू लागतो. जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली या विकाराचे वर्णन केले. वेळीच थायमिन टोचले तर रुग्ण सावरतो. उशीर झाला तर नवे काही लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची जाऊ शकते. प्रसंगी जीवही जातो.

येथे आपल्याकडील एका सवयीचा विचार करणे अगत्याचे आहे. उलट्या होऊन माणूस गळाला की गावात पहिला उपाय ठरलेला असतो : ग्लुकोजची सलाईन. एरवी निरुपद्रवी असलेला हा उपाय अशा रुग्णाला घातक ठरू शकतो. ग्लुकोज जाळण्यासाठी उरलेसुरले थायमिन खर्ची पडते आणि मेंदूवरील आघात तीव्र होतो. म्हणून आधी थायमिन, मग ग्लुकोज, हा क्रम आहे. डॉक्टरांना तो ठाऊक असतो. पण समोरच्या रुग्णाची अशी शस्त्रक्रिया झाली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही तर? पुष्कळ घरांत ही शस्त्रक्रिया संकोचाने लपवली जाते. विशेषतः लग्नाच्या मुलीबद्दल मौन पाळले जाते. हे मौन जिवावर बेतू शकते. शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि शल्यचिकित्सकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या खिशात वा पर्समध्ये सदैव असावी.

दुसरे घड्याळ ब-१२ जीवनसत्त्वाचे. त्याचा साठा यकृतात असतो आणि तो काही वर्षे पुरतो. म्हणूनच हा धोका फसवा असतो. अन्नातील ब-१२ शरीरात शोषले जावे यासाठी लागणारा घटक जठरात तयार होतो. जठरच लहान केले अथवा अन्नाच्या वाटेतून वगळले की ते शोषण मंदावते. पहिली दोन वर्षे काहीच जाणवत नाही. वजन उतरलेले असते, कौतुक झालेले असते, गोळ्या हळूहळू सुटतात. मग तळपायांना मुंग्या येऊ लागतात, विसराळूपणा वाढतो, मन उदास राहते. घरचे म्हणतात, वय झाले. वास्तविक वय झालेले नसते. साठा संपलेला असतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात हे अधिकच गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेड्यातील व शहरातील ४४१ पुरुषांची तपासणी केली होती. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळले. या पुरुषांची कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती! ब-१२ वनस्पतिज अन्नात जवळपास नसतेच; शाकाहारी घराला ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतून मिळते. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर ब-१२ आणखी घटते. म्हणजे वारकरी घरातील मधुमेही माणूस शस्त्रक्रियेला जातो तेव्हा त्याची तिजोरी आधीच निम्मी रिकामी असण्याचा संभव असतो. शस्त्रक्रियेपूर्वी ती तपासून भरून घेणे हा विवेक आहे. पुण्यातीलच एका अभ्यासात गरोदरपणी ज्या मातांचे ब-१२ कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर अवधान व तात्पुरते स्मरण यांच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. शस्त्रक्रिया झालेल्या तरुण स्त्रीने म्हणूनच साधारण वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी आणि नंतरही रक्ततपासणी करूनच पुढे जावे. येथे प्रश्न दोन पिढ्यांच्या बुद्धीचा असतो.

तिसरी गोष्ट आहाराची. तुळजाभवानीच्या या जिल्ह्यात नवरात्राचे उपवास घरोघरी श्रद्धेने होतात. श्रद्धेला कोणी नावे ठेवू नयेत. पण शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने निर्जळी वा नऊ दिवसांचे कडक उपवास करू नयेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात थायमिन नगण्य असते. आजाऱ्याला व्रतातून सूट देण्याची रीत आपल्या परंपरेतच आहे, ती वापरावी. मराठवाड्यात लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे दोन वेळा जेवण्याची पद्धत घरोघरी पोहोचली आहे. ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी मात्र ती परस्पर सुरू करू नये. लहान झालेल्या जठराला थोडे थोडे, अनेक वेळा आणि प्रथिनयुक्त अन्न लागते. पुरणपोळी, जिलबी असे गोड पदार्थ खाल्ल्यावर एक ते तीन तासांत काहींची साखर एकदम घसरते. घाम फुटतो, बोलणे विस्कळीत होते. हा वेडेपणा नव्हे आणि बाहेरची बाधा तर नव्हेच. मद्याचे तर नावच नको. वळणरस्त्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते रक्तात वेगाने चढते, व्यसनाचा धोका वाढतो आणि थायमिनही घटते.

हे सर्व ऐकून कोणी घाबरून जावे, असा हेतू नाही. ज्याचे वजन जिवावर उठले आहे, त्याला ही शस्त्रक्रिया नवे आयुष्य देऊ शकते. पण ती लग्नसमारंभापूर्वी अंग उतरवण्याची युक्ती नव्हे. आहार, चालणे आणि औषधे यांचा प्रामाणिक प्रयत्न आधी व्हावा. आणि निर्णय झालाच, तर तो एकट्या रुग्णाचा नसून कुटुंबाचा असावा. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या, वर्षातून किमान एकदा रक्त तपासायचे, उलट्या एक-दोन दिवसांत थांबल्या नाहीत तर रुग्णालय गाठायचे, ही जबाबदारी घरातील एका व्यक्तीने नाव घेऊन स्वीकारावी. कारण ज्याचे स्मरणच डळमळू लागले, त्याला गोळीची आठवण राहणार कशी?

आपली कुटुंबव्यवस्था हे आपले बळ, असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या बळाची परीक्षा अशा साध्या गोष्टींतच होते. वजनकाट्याचा आकडा सर्वांना दिसतो. आजोबा नातवाचे नाव चाचरत घेऊ लागले, सूनबाई दूध उतू जाईपर्यंत शून्यात पाहत राहिली, हे मात्र फक्त घरातल्या माणसालाच दिसते. ते पाहावे, वेळेवर पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे. पोट लहान करणारे हात शहरात पुष्कळ आहेत. माणूस जपणारे डोळे मात्र घरातच असावे लागतात.